कुळाची लाज आणि गळ्याची गाठ

दिवाळीच्या अंकात आजाराविषयी लिहू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा पडलेला असतो, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे तो चाळतात. अशा वेळी त्यात विनोद असावा, चार बऱ्या कथा असाव्यात, झालेच तर राशिभविष्य असावे. हा संकेत मी आज मोडते आहे. ज्या गोष्टीवरून मला भांडायचे आहे ती घरातली सगळी माणसे एकत्र जमली असतानाच बोलता येते, आणि आपल्या घरांत सगळी माणसे एकत्र जमतात ती एक तर दिवाळीला, नाही तर तेराव्याला. तेराव्यापेक्षा दिवाळी बरी.

मी अँटॉप हिलला राहते. सकाळी बालवाडीतल्या मुलांना अक्षरे शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मॅट्रिक. वैद्यकातले मला जे काही कळते ते घरातल्या दोन माणसांच्या फायली सांभाळताना, डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारून कळलेले आहे. तेव्हा औषध सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तो मी घेणारही नाही. माझे भांडण आहे ते आपण आपल्याच तोंडाला लावून घेतलेल्या कुलपाशी.

२०१७ साली माझ्या थोरल्या बहिणीच्या गळ्यावर सुपारीएवढी गाठ दिसू लागली. सुईची तपासणी झाली, शस्त्रक्रिया झाली, थायरॉइडची ग्रंथी काढून टाकली. रिपोर्ट आला तो कर्करोगाचा, आणि त्यातल्या 'मेड्युलरी' ह्या जातीचा. डॉक्टरांनी रक्त पुढच्या तपासणीला पाठवले. 'रेट' नावाच्या जनुकात दोष निघाला. डॉक्टरांनी अगदी सावकाश, आम्हांला कळेल अशा भाषेत सांगितले, "हा दोष जन्मापासूनचा आहे, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असणार. तुमच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना घेऊन या. प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी आहे. ज्याला नसेल तो सुटला. ज्याला असेल त्याचे आपण वेळेवर पाहू."

त्या वेळी ताईच्या मुलीचे, माझ्या भाचीचे, लग्न जमत होते. भावोजींनी तो रिपोर्ट कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला. "लग्न एकदा होऊन जाऊ दे, मग बघू," ते म्हणाले. आईने पदर डोळ्यांना लावला. ताई काहीच बोलली नाही. मी तिथेच बसले होते. मीही मान डोलावली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. दुसऱ्याच्या घरातले गुपित फोडून समाजाला शहाणपण शिकवणे सोपे असते. त्या कपाटाच्या किल्लीवर चार हात होते आणि त्यांतला एक माझा होता. स्वतःचे रक्तही मी तेव्हा तपासले नाही. कारण विचाराल तर भीती, दुसरे काही नाही.

२०१८ च्या वैशाखात लग्न झाले. पत्रिका जुळली होती, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण होते. चार वर्षांनी, कडेवर लहान मुलगा असताना, भाचीला वेणी घालताना आरशात गाठ दिसली. शस्त्रक्रिया झाली तोवर रोग गळ्यातल्या इतर गाठींत उतरला होता. तेव्हा ताईने कपाट उघडले.

आता थोडे थांबून ह्या रोगाविषयी सांगायला हवे, कारण अर्धवट माहितीची भीती ही संपूर्ण अज्ञानापेक्षा वाईट. थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्यात गाठी होणे ही अगदी सर्रास गोष्ट आहे, आणि त्यांतल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. कर्करोग निघालाच तर तो बहुधा 'पॅपिलरी' जातीचा असतो. तो सावकाश वाढतो आणि बहुतेक रोगी बरे होतात. त्यासाठी लागणारे किरणोत्सारी आयोडिनाचे उपचार आपल्या परळला फार पूर्वीपासून मिळतात. अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर तिथे १९६३ साली निघाले. आमच्या घरातली जात मात्र वेगळी. थायरॉइडच्या शंभर कर्करोग्यांत ती फार तर पाचांना होते. ती ज्या पेशींत उगवते त्या पेशी आयोडिन घेतच नाहीत, म्हणून ते उत्तम हत्यार तिच्यावर चालत नाही. गळ्याबाहेर पसरण्यापूर्वी तिला गाठणे हाच खरा उपाय. आणि ह्या जातीच्या चार रोग्यांत साधारण एकाचा रोग आनुवंशिक असतो.

जनुकातला दोष म्हणजे काय, हे मी माझ्या बालवाडीच्या भाषेत सांगते. फळ्यावर बाईंनी एक अक्षर चुकीचे लिहिले तर चाळीस वह्यांत तीच चूक उतरते. मुलांचा त्यात काही अपराध नसतो. त्यांनी इमानाने उतरवून घेतलेले असते. 'रेट'मधली चूक अशीच एका अक्षराची असते. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. आपण मुलाला त्यांतली एकच देतो. म्हणून शक्यता निम्मी. जे मूल चांगली प्रत घेऊन आले त्याच्यापाशी ती चूक संपते. त्याच्या मुलाबाळांनाही तिचे भय उरत नाही.

ह्या जनुकाचा आणि ह्या रोगाचा संबंध १९९३ साली सिद्ध झाला. चूक नेमक्या कोणत्या जागी आहे ह्यावर रोग केव्हा उगवेल ह्याचा अदमास बांधता येतो. सर्वांत वाईट जागी असेल तर बाळाच्या पहिल्या वर्षातच ग्रंथी काढावी लागते. आमच्या घराण्यातल्यासारखी असेल तर पाचव्या वर्षाच्या आत. सौम्य असेल तर रक्तातले कॅल्सिटोनिन मोजत वाट पाहता येते. ग्रंथी गेली म्हणजे जन्मभर रोज सकाळी एक छोटी गोळी घ्यायची. एवढ्या किमतीत एका मुलाचा कर्करोग होण्यापूर्वीच टळतो. शिवाय ह्या दोषाबरोबर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतही गाठ येऊ शकते, आणि ती ठाऊक नसताना भूल दिली तर रक्तदाब एकाएकी भडकून माणूस टेबलावरच जाऊ शकतो. माझे वडील गळा सुजलेला आणि वर्षानुवर्षे जुलाब होताहेत अशा स्थितीत गेले. घरात त्याला 'पोटाचा विकार' असे नाव होते. जुलाब हेही ह्याच रोगाचे एक लक्षण आहे, हे मला त्यांच्या मागे पंचवीस वर्षांनी कळले. माझे एक काका हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला गेले ते परत आले नाहीत. त्याचा ह्या दोषाशी संबंध होता की नव्हता, हे आता कधीच कळायचे नाही. आम्ही त्याला 'आयुष्य तेवढेच होते' म्हणून निकालात काढले. आपल्या घरांतले किती मृत्यू ह्या एका वाक्याखाली पुरले गेले असतील?

आता विरोधकांकडे वळते. ते सगळे माझ्याच नात्यातले आहेत, त्यामुळे त्यांची बाजू मला चांगली पाठ आहे.

पहिला आक्षेप : कळून काय उपयोग? नशिबात असेल ते होईल. हा आक्षेप कित्येक रोगांच्या बाबतीत खरा आहे, हे मी मान्य करते. ज्यावर उपायच नाही असे भविष्य आधी सांगून माणसाचे आज बिघडवण्यात काय पुण्य? पण 'रेट'ची गोष्ट नेमकी उलटी आहे. येथे कळणे हाच उपाय आहे. नशिबावर हवाला ठेवणारी हीच मंडळी पावसाळ्यापूर्वी गच्चीला डांबर लावून घेतात, तेव्हा त्यांना नशीब आठवत नाही.

दुसरा आक्षेप : मुलींची लग्ने मोडतील. हा आक्षेप खोटा नाही आणि म्हणूनच त्याचा मला अधिक राग येतो. लक्षात घ्या, 'मुलींची' लग्ने. हा दोष मुलग्याकडून आणि मुलीकडून सारख्याच मापाने पुढे जातो. पण मुलाच्या बापाला कुणी विचारीत नाही की तुमच्या घराण्यात काही नाही ना. आणि ज्या पत्रिकेसाठी आपण जीव टाकतो तिच्यात नाडी पाहतात ती कशासाठी? एकनाड असेल तर संततीला बाधते म्हणून! म्हणजे न जन्मलेल्या संततीची काळजी करायला आपल्याला ग्रह चालतात, रक्त चालत नाही. भाचीची नाडी उत्तम जुळली होती. ह्या बाबतीत कागदावर कसलाही दोष नव्हता. दोष लिहिलेला कागद दागिन्यांच्या डब्याखाली होता.

माझ्या घरापासून जवळच, वडाळ्याला, ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ ह्यांनी ते १८९० साली उभे केले. मराठी पोवाडे जमवून शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर ज्यांनी १८९१ मध्ये छापले तेच हे ॲकवर्थ. त्या काळी कुष्ठरोग रक्तातून उतरतो असे केवळ आपलेच लोक मानीत नसत. नॉर्वेचे नामांकित डॉक्टरही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तसेच सांगत होते. हान्सेनने १८७३ साली त्याचा जंतू दाखवला आणि ती समजूत चुकीची ठरली. आज हा रोग औषधांनी बरा होतो. पण 'त्यांच्या रक्तात आहे' असे म्हणून आपण कितीतरी पिढ्या त्या घरांशी सोयरीक टाळली, पाणी टाळले, सावली टाळली. आता हिशेब पाहा. जिथे रक्तात काही नव्हते तिथे आपण 'रक्तात आहे' म्हणून गावभर ओरडलो. जिथे खरोखरच आहे, आणि ओरडल्याने पोर वाचते, तिथे आपण दाराला कडी घालून बसलो. दोन्ही वेळा आपल्याला रोगाची काळजी नव्हती. आपल्याला काळजी होती ती कुळाच्या नावाची.

आणि आनुवंशिक गोष्ट म्हटली की ती लाजेचीच असते, असे कुणी ठरवले? १९५२ साली परळच्याच शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातल्या डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ रक्तगट जगापुढे मांडला. त्याला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. तोही आईबापांकडूनच येतो. त्या गटाच्या माणसाला दुसऱ्या कोणत्याही गटाचे रक्त चालत नाही. म्हणून असा एक माणूस सापडला की प्रथम त्याच्या भावंडांना बोलावून त्यांचे रक्त तपासतात. तिथे कुणी कागद कपाटात ठेवीत नाही, कारण उद्या भावाला बहिणीचेच रक्त उपयोगी पडायचे असते. त्याच सुमारास टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी डॉ. संघवी मुंबईतल्या जातीजमातींतल्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास करीत होते. अँटॉप हिलहून बसने गाठता येणाऱ्या परळात हे ज्ञान सत्तर वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. ते आमच्या जिन्यापर्यंत पोहोचले नाही, कारण वाटेत लग्नाचा मांडव होता.

तिसरा आक्षेप माझ्या मुलाने घेतला आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. तो म्हणाला, "आई, तू असे लिहिलेस की लोक उठून नको त्या तपासण्या करायला धावतील. बाजार टपलेलाच आहे." त्याचे म्हणणे खरे आहे. हल्ली फोनवर जाहिराती येतात : अमुक रुपये भरा, थुंकी पाठवा, तुम्हांला पुढे कोणकोणते रोग होणार ते सांगतो. दिवाळीनिमित्त सवलतही असते! ह्या दुकानदारीशी माझे काही देणेघेणे नाही. दक्षिण कोरियात काय झाले ते पाहा. तिथे १९९९ नंतर सरकारी तपासण्यांच्या जोडीला लोक थोडे पैसे टाकून गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागले. २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे रोगी १९९३ च्या पंधरा पट निघाले. त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या मात्र जिथल्या तिथे! म्हणजे ज्या बारीक गाठी माणसाबरोबर शंभर वर्षे गुपचूप राहिल्या असत्या त्यांच्यासाठी हजारो गळे कापले गेले. २०१६ साली तज्ज्ञांनी अशाच एका निरुपद्रवी गाठीच्या नावातून 'कर्करोग' हा शब्दच काढून टाकला.

तेव्हा दोन तपासण्यांतला फरक नीट समजून घ्या. एक तपासणी गाठीची. सुईने काढलेल्या पेशी पाहून डॉक्टर सहा वर्गांपैकी एक वर्ग सांगतात. त्यांतले मधले दोन 'धड हेही नाही, धड तेही नाही' असे असतात. तिथे त्याच पेशींतली जनुके तपासली तर काही जणांचे नाहक ऑपरेशन टळू शकते. पॅपिलरी कर्करोगात 'बी-राफ' नावाच्या जनुकाची चूक पुष्कळांत आढळते. ती एकटी असली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. तिच्या जोडीला 'टर्ट' ह्या जनुकाचीही चूक असेल तर रोग आडदांड निघण्याचा संभव वाढतो आणि डॉक्टर अधिक सावध होतात. ह्या चुका गाठीत जन्मतात आणि गाठीबरोबर जातात. त्या मुलांना मिळत नाहीत. दुसरी तपासणी रक्ताची, जन्मजात दोषाची. मेड्युलरी कर्करोग निघाला तर, घरात पूर्वी कुणाला नसला तरी, रोग्याची ही तपासणी व्हावी आणि दोष निघाला तर त्याच्या सख्ख्या नात्यांची व्हावी. सगळ्या गावाची नव्हे. ज्याच्या घरी आग लागली त्याच्या भिंतीला लागून असलेल्या घरांना हाक मारायची असते. साऱ्या मुंबईत घंटा वाजवीत हिंडायचे नसते.

माझ्या मुलाच्या आक्षेपाचे उत्तर एवढेच. बाजार नको असलेल्याला तपासणी विकतो आणि घराणे हवी असलेल्यापासून ती लपवते. दोघांनाही माणसाशी कर्तव्य नाही.

आता थोडे सरकारला. ज्या घरात हा दोष एकदा सापडला तिथली जागा ठरलेली असते. इतरांच्या रक्तात तेवढी एकच जागा पाहायची असते. हे काम फुकट व्हावे, रोग्याच्या फायलीचाच तो भाग मानला जावा, आणि नातेवाइकांना समजावून सांगायला एक शहाणे माणूस मोठ्या रुग्णालयांत बसवावे. एका मुलाचा टळलेला कर्करोग हा सरकारलाही स्वस्तच पडेल. दुसरे विम्याचे. 'जनुकीय आजार' हे दोन शब्द पुढे करून दावे सरसकट नाकारणे हा भेदभाव आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले, आणि त्याच वर्षी विमा नियामकानेही कंपन्यांना ह्या कारणावरून दावे नाकारू नका असे बजावले. परंतु तपासणी केली म्हणून माणसाला नोकरीत, विम्यात वा कुठेही तोटा होणार नाही, असा स्वच्छ कायदा हवा. लोकांनी तोंड उघडावे असे वाटत असेल तर उघडणाऱ्याला चपराक बसणार नाही ही हमी आधी द्या.

मात्र सरकारने सगळे केले तरी एक काम उरतेच. रोग्याची गोष्ट त्याच्या परवानगीवाचून डॉक्टर दुसऱ्याला सांगू शकत नाही, आणि तेच योग्य आहे. तेव्हा भावाला, चुलत बहिणीला, गावाकडच्या आत्याला सांगायचे ते आपणच. चार जणांच्या संमतीने आम्ही गप्प राहिलो आणि त्याची किंमत ज्या पाचवीने मोजली तिला कुणी विचारलेच नव्हते.

२०२२ मध्ये मी अखेर रक्त दिले. माझ्या वाट्याला चांगली प्रत आली आहे. रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात बसले आणि मला आनंद झाला नाही. निम्म्या शक्यतेत मी अलीकडे पडले, ताई पलीकडे. त्यात माझे कर्तृत्व काय आणि तिचा दोष काय?

हा लेख मी भाचीला वाचून दाखवला. तिच्या परवानगीवाचून तो छापला जाणार नव्हता. तिने दोन ओळी खोडायला लावल्या, त्या मी खोडल्या. मग म्हणाली, "मावशी, माझं नाव नको घालूस. बाकी सगळं घाल." तिच्या मुलाचे रक्त मात्र गेल्या महिन्यातच दिले गेले. मधली तीन वर्षे तिच्या सासरी तेच चालले होते जे आमच्याकडे २०१७ साली चालले होते : लहान आहे, मोठा होऊ दे, मग बघू. पोर चार वर्षांचे झाले आहे. रिपोर्ट अजून यायचा आहे.

नरकचतुर्दशीला ती आमच्याकडे येणार आहे. पहाटे अभ्यंगस्नानाआधी ती उपाशीपोटी आपली गोळी घेईल आणि फराळाला हात लावायला तासभर थांबेल. यंदा मी तिच्याबरोबर थांबणार आहे. तेवढ्या वेळात आम्ही दोघी एका वहीत घराण्याची माणसे मांडणार आहोत : कोण, कितव्या वर्षी, कशाने गेले. काकांची मुले कल्याणला असतात, आत्याची रत्नागिरीला. भाऊबीजेपर्यंत सगळ्यांना फोन व्हायचे आहेत. पहिला फोन भावोजी करणार आहेत. हे त्यांनी स्वतःहून सांगितले.